धागा: कोच नाही, रोज पाऊण तास मिळतो. बाराशेच्या पुढे जायला बुद्धिबळात नेमकं काय करावं?

बोरीकाठ_अमळनेर
नमस्कार मंडळी. चेस डॉट कॉमवर रॅपिडमध्ये रेटिंग 1200 च्या आसपास घुटमळतंय. नोकरी आणि शेती सांभाळून रात्री पाऊण तास मिळतो, रविवारी दोन तास. जवळपास कोच नाही. यूट्यूबवर एक जण ओपनिंग (सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करा म्हणतो, दुसरा म्हणतो फक्त कोडी सोडवा, तिसरा एंडगेमवर (थोड्याच सोंगट्या उरलेल्या शेवटच्या टप्प्यावर) भर देतो. तिन्ही करायला वेळ नाही. यातलं आधी काय घ्यावं? पुढेमागे रेटिंगच्या स्पर्धेत बसायचाही विचार आहे, तर त्याचे नियमही कुणी सांगा. इकडे ओट्यावर आजही जुन्या पद्धतीने खेळतात, त्यामुळे सवयींची सरमिसळ होते.

पांझरा_धुळे
अभ्यास ठरवण्याआधी तपासणी करा. शेवटचे 20 हरलेले डाव उघडा. प्रत्येक डावात इंजिनचा (डाव तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामचा) आकडा पहिल्यांदा दोन प्याद्यांपेक्षा जास्त कुठे घसरला, ती चाल शोधा. वहीत चार रकाने आखा: फुकट सोंगटी दिली, समोरच्याची धमकी दिसली नाही, वेळ कमी पडला, पुढे काय करायचं तेच कळलं नाही. प्रत्येक डावाला एकाच रकान्यात एक खूण करायची. मधल्या चुका मोजू नका, पहिलीच मोजा, कारण पुढच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात.

जो रकाना भरेल तो तुमचा अभ्यासक्रम. 1200 ला बहुतेकांचे पहिले दोन भरतात. त्यांना ओपनिंगच्या पंधराव्या चालीपर्यंत पाठांतर करून काहीच मिळत नाही, कारण समोरचाही सहाव्या चालीला पुस्तकाबाहेर गेलेला असतो.

गिरणा_चाळीसगाव
पांझराभाऊंशी सहमत. पहिले दोन रकाने भरले तर रोज 20 मिनिटं कोडी, पण पद्धतशीर.

घड्याळ लावून धडाधड सोडवायची कोडी काही दिवस बाजूला ठेवा. लिचेस या संकेतस्थळावर विषयवार कोडी फुकट आहेत आणि संख्येची मर्यादा नाही. एक आठवडा एकच विषय: एका चालीत मात, दोन चालींत मात, फोर्क (एका सोंगटीचा दोघांवर हल्ला), पिन (मागच्या मोठ्या सोंगटीमुळे पुढची अडकणे), उघडा शह, राखणदार हटवणे, शेवटच्या ओळीतली मात. पूर्ण ओळ डोक्यात दिसल्याशिवाय पहिली चाल करायची नाही. समोरच्याचं सर्वात चिवट उत्तर कोणतं तेही आधी ठरवायचं. दहातली सात-आठ बरोबर येतील इतपतच अवघड घ्या. पाचच येत असतील तर पातळी खाली आणा, नाहीतर अंदाजाने चाली मारायची सवय लागते.

चुकलेली कोडी वेगळी ठेवा आणि आठवड्याने पुन्हा सोडवा. खरा फायदा याच टप्प्यात होतो आणि बहुतेक लोक हाच टप्पा गाळतात.

केळीबाग_रावेर
गिरणाभाऊ, एक मुद्दा मांडतो. कोड्यात 'इथे काहीतरी आहे' हे आधीच माहीत असतं. डावात कुणी तसं सांगत नाही. म्हणून कोड्यांचं रेटिंग 1900 आणि डावाचं 1200 असे खेळाडू भरपूर सापडतात. कोड्यांच्या जोडीला प्रत्येक चालीची शिस्त हवी.

समोरच्याने चाल केली की आधी दोन प्रश्न: या सोंगटीने आता कुठली घरं धरली? आणि ती उठल्यामुळे कुठलं घर, कुठली सोंगटी उघडी पडली? दुसरा प्रश्न जवळपास सगळे विसरतात. मग आपली चाल ठरली की करण्याआधी समोरच्याचे सगळे शह, सगळे मारे आणि धमक्या याच क्रमाने बघायचे. सुरुवातीला याला 20-25 सेकंद लागतात. सवय झाली की पाच-सात.

तापीकाठ_भुसावळ
आणि हे तीन मिनिटांच्या डावात होत नाही. म्हणून ब्लिट्झ बंद.

वाघूर_जामनेर
ब्लिट्झ बंद कसं करणार भो, भरीत पार्टीत वांगी भाजून होईस्तोवर दोन डाव झालेच पाहिजेत. 🙂

तापीकाठ_भुसावळ
पार्टीतले दोन डाव माफ, वाघूरभाऊ! रोजच्या सरावाबद्दल म्हणतोय. हिशेबच मांडतो. डाव 40 चालींचा धरा. 15+10 म्हणजे प्रत्येकाला 15 मिनिटं आणि वर दर चालीला 10 सेकंद जादा, म्हणजे इन्क्रिमेंट.
10+0: एका चालीला 15 सेकंद.
15+10: 900 अधिक 400, म्हणजे 1300 सेकंद. चालीला साधारण 32.
90+30: 5400 अधिक 1200. चालीला पावणेतीन मिनिटं.

केळीबागभाऊंची तपासणी 20-25 सेकंदांची आहे. ती 10+0 मध्ये बसत नाही, 15+10 मध्ये बसते. पाऊण तासात 15+10 चा एकच डाव होतो, तेवढा पुरे. 10+0 मध्ये आणखी एक त्रास म्हणजे जिंकलेला डाव शेवटच्या अर्ध्या मिनिटात घड्याळावर जातो आणि एंडगेम कधी शिकायलाच मिळत नाही. इन्क्रिमेंट असलं की निदान खेळून बघता येतं.

सातपुडा_शहादा
ओपनिंगला एवढं हिणवू नका. पाठांतर नको, पण ठरावीक सापळे माहीत हवेतच. या पातळीवर सगळ्यात जास्त बळी घेणारा हा (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर लिहिलं तर प्याद्याची चाल; आधी पांढरा, मग काळा):

ई4 ई5, घोडा एफ3 घोडा सी6, उंट सी4 घोडा एफ6, घोडा जी5. एफ7 वर उंट आणि घोडा दोघांचा नेम. काळ्याची नेहमीची चाल डी5, पांढरा ई4 च्या प्याद्याने मारतो. इथे हात आपोआप घोड्याकडे जातो आणि घोड्याने डी5 मारलं जातं. त्यावर पांढरा घोडा एफ7 वर टाकतो, राजाने मारला की वजीर एफ3 शह. तो वजीर राजा आणि डी5 चा घोडा दोन्ही धरतो, आणि घोडा वाचवायचा तर राजाला ई6 वर, पटाच्या मधोमध यावं लागतं. खोलीत बसून इंजिनसोबत काळ्याचा बचाव काढता येईल, घड्याळ चालू असताना नाही.

घोड्याने मारण्याऐवजी घोडा ए5. आधी उंटाला हुसकावा. उंट बी5 शह, सी6, प्याद्याने मारलं, बी प्याद्याने परत मारलं. एक प्यादं गेलं, पण काळ्याच्या सोंगट्या भराभर बाहेर येतात. हे नको असेल तर तिसऱ्या चालीलाच घोडा एफ6 ऐवजी उंट सी5 खेळा. मग घोडा जी5 आला तर काळा वजीर तो सरळ मारून टाकतो.

पांढऱ्याने एक, काळ्याने ई4 विरुद्ध एक आणि डी4 विरुद्ध एक, अशी तीनच ओपनिंग ठरवा आणि वर्षभर बदलू नका. प्रत्येकाच्या आठ चाली आणि त्या का खेळायच्या एवढं पुरे. डाव संपला की आपण कुठे वाट सोडली तेवढंच बघायचं.

आबा_पारोळा
ओट्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. जुन्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) नाही, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या सोंगटीच्या घरात पोचलं तीच सोंगटी होतं. बारीकसारीक फरक गावागणिक आहेत. त्या खेळाचं सौंदर्य वेगळं आहे, मोहरे हळूहळू लागतात आणि मांडणीला खरी किंमत येते. मुलांनी तोही खेळावा असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पर्धेसाठी चार सवयी मात्र बदलाव्या लागतात. ओट्यावर सोंगटी हातातून सोडेपर्यंत चाल झाली असं धरत नाहीत. स्पर्धेत हात लावला ती सोंगटी चालवावीच लागते, समोरच्याच्या सोंगटीला लावला तर ती मारावी लागते, अर्थात नियमात बसणारी चाल असेल तर. नुसती सरळ ठेवायची असेल तर आपल्या पाळीत, आधी 'अ‍ॅडजस्ट' म्हणून मगच हात. कॅसलिंग करताना आधी राजाला हात लावा, हत्तीला आधी लावला तर त्या बाजूचं कॅसलिंग करता येत नाही. ज्या हाताने चाल त्याच हाताने घड्याळ. आणि दोन घरं आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारायचं असेल तर लगेचच्या चालीला. एक चाल उशीर झाला की हक्क गेला.

बोरीकाठ_अमळनेर
आबा, मनापासून आभार. वजीर पटावर असताना दुसरं प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर? इकडे वजीर म्हणून हत्ती उलटा ठेवतात.

आबा_पारोळा
बाळा, उलटा हत्ती म्हणजे हत्तीच! पंच तो हत्तीच धरतात. जवळ वजीर नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडून मागून घ्यायचा, तेवढा हक्क आहे. नियमाबाहेरची चाल पूर्ण झाली तर पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं जादा, दुसऱ्या वेळी डाव गेला.

केळीबाग_रावेर
एंडगेमबद्दल कुणी बोललं नाही अजून. बाराशेला ते लागतं का? बहुतेक डाव त्याआधीच संपतात.

पांझरा_धुळे
लागतं, कारण एंडगेम माहीत असल्याशिवाय सोंगट्या कधी बदलायच्या ते ठरवता येत नाही. सगळ्यात वरच्या पातळीवरचं उदाहरण घ्या. डिसेंबर 2024, सिंगापूर, गुकेश विरुद्ध डिंग लिरेन, चौदावा डाव. डिंगने 55 व्या चालीला हत्ती एफ2 वर आणला, हत्ती बदलले, मग काळ्याने खेळणाऱ्या गुकेशने उंटही बदलून घेतला आणि उरला राजा-प्याद्यांचा एंडगेम, काळ्याचं एक प्यादं जास्त. तो सरळ जिंकलेला होता आणि त्यावर जगज्जेतेपद ठरलं. हत्ती-उंट पटावर असेपर्यंत डाव बरोबरीचा होता.

आपल्यासाठी पहिली स्थिती ही, पटावर मांडूनच बघा. पांढरा राजा ई5, प्यादं ई4. काळा राजा ई7. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर.

पाळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. काळा राजा डी7 ला सरकला की पांढरा एफ6 वर घुसतो, मग ई6 वर येतो. राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोचला की पाळी कुणाचीही असो, काम झालं. (कडेचं, म्हणजे ए किंवा एच प्यादं असेल तर हे लागू नाही.)

पाळी पांढऱ्याची असेल तर बरोबरी. राजा डी5, काळा डी7. प्यादं ई5, काळा ई7. प्यादं ई6. आता काळ्याने सरळ मागे ई8 वरच जायचं. पांढरा डी6, काळा डी8, प्यादं ई7 शह, राजा ई8, आणि पांढरा राजा ई6 वर आला तर काळ्याला चालच नाही, डाव बरोबरीत. ई8 ऐवजी आधीच डी8 वर गेलात तर पांढरा डी6, तुम्ही ई8, प्यादं ई7, तुम्हाला एफ7 वर जावंच लागतं, पांढरा डी7 आणि वजीर झाला. एका घराने अर्धा गुण जातो.

हे दोन्ही बाजूंनी इंजिनविरुद्ध, न चुकता जमेपर्यंत खेळा. एका बैठकीत होतं.

गिरणा_चाळीसगाव
त्यापुढे हत्तीच्या दोन स्थिती. बाकीचं 1600 नंतर.

बचावाची, फिलिडॉर: तुमचा राजा त्यांच्या प्याद्याच्या समोर, तुमचा हत्ती तुमच्या बाजूने तिसऱ्या ओळीत आडवा फिरत ठेवा म्हणजे त्यांचा राजा पुढे येत नाही. त्यांचं प्यादं त्या ओळीत सरकलं की त्यांच्या राजाला आडोसा राहत नाही, मग तुमचा हत्ती सरळ पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे. चूक इथे होते: प्यादं सरकायच्या आधीच लोक घाईने हत्ती तिकडे नेतात.

जिंकायची, लुसेना: पांढरा राजा जी8, प्यादं जी7, हत्ती एफ1, काळा राजा ई7, हत्ती एच2. पांढऱ्याची चाल हत्ती एफ4, चौथी ओळ लक्षात ठेवा. काळा हत्ती एच1. हत्ती ई4 शह, राजा डी7. आता राजा एफ7, मग शह खात जी6, एफ6, जी5, आणि शेवटच्या शहाला हत्ती जी4 आडवा. शह संपले, प्यादं पुढे.

वाघूर_जामनेर
हाई बठ्ठं लिखी लिधं भो! इंजिनबद्दल पण सांगा. मी डाव संपला की लगेच स्टॉकफिश लावतो.

केळीबाग_रावेर
लगेच नको, वाघूरभाऊ. आधी इंजिनशिवाय दहा मिनिटं. कुठे जास्त वेळ विचार केला, दुसरी कुठली चाल मनात होती, समोरच्याची कुठली चाल अपेक्षित नव्हती, हे डावाखाली लिहा. लिचेसच्या स्टडीत चालीला टिपण जोडता येतं. मग इंजिन लावा आणि फक्त मोठ्या घसरणी बघा. 0.3 चा फरक आपल्या कामाचा नाही.

इंजिनची चाल पटली नाही तर तिथून आपली चाल खेळून इंजिनला उत्तर देऊ द्या. तीन-चार चालींत कारण पटावर दिसतं. नुसता हिरवा बाण बघून पुढे गेलात तर दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही.

सातपुडा_शहादा
एक युक्ती: चाल आधी कागदावर लिहायची, मग पटावर करायची. फुकट सोंगट्या जाणं फार कमी होतं.

तापीकाठ_भुसावळ
सातपुडाभाऊ, घरच्या सरावात चालेल, स्पर्धेत नाही. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमानुसार चाल आधी लिहून ठेवायला मनाई आहे, बरोबरीचा दावा करताना तेवढी सूट. पंच ताकीद देतात. त्याऐवजी समोरच्याची चाल लिहून घ्या आणि लेखणी खाली ठेवल्यावरच विचार सुरू करा. तेवढाच थांबा मिळतो.

रेटिंगचंही सांगून टाकतो. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे नोंदणी लागते. पहिलं फिडे रेटिंग मिळायला रेटिंगवाल्या खेळाडूंशी किमान पाच डाव हवेत, ते एकापेक्षा जास्त स्पर्धांत मिळूनही चालतात. पहिल्याच स्पर्धेत शून्य गुण झाले तर ते डाव धरत नाहीत. मार्च 2024 पासून सर्वात खालचं रेटिंग 1400 आहे, त्याखाली रेटिंगच नाही. पहिल्या 30 डावांपर्यंत के-गुणक (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) 40, मग मोठ्यांना 20. म्हणजे बरोबरीच्या रेटिंगवाल्याला हरवलं तर सुरुवातीला 20 गुण, नंतर 10. मुलांना 40 च राहतो, म्हणून त्यांचं रेटिंग झपाट्याने हलतं. समोर 1450 चं पोरगं बसलं तर आकड्यावर जाऊ नका, त्याचा खेळ पुढे गेलेला असू शकतो.

मोबाईल खोलीत आणूच नका. वाजला की डाव गेला.

गिरणा_चाळीसगाव
स्पर्धा जवळून बघायची असेल तर जळगावला जैन हिल्सवर मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत. पुढे असं काही असेल तेव्हा प्रेक्षक म्हणून जाऊन या. पंच, घड्याळ, चाली लिहिणं हे सगळं एका दिवसात डोळ्यांखालून जातं.

बोरीकाठ_अमळनेर
सगळं वाचून असं ठरवतोय: सोमवार ते गुरुवार 20 मिनिटं विषयवार कोडी आणि 20 मिनिटं एकच एंडगेम. शुक्रवार-शनिवार 15+10 चा एक डाव. रविवारी दोन्ही डावांचं विश्लेषण, आणि खरा पट मांडून एक लांब डाव. पट कुठला घेऊ? लाकडी मनात आहे.

पांझरा_धुळे
एकच बदल. विश्लेषण रविवारपर्यंत ठेवू नका. डाव संपल्यावर पाच मिनिटांत टिपणं लिहून टाका, रविवारी फक्त इंजिन. दोन दिवसांनी आपण काय विचार केला होता ते आठवत नाही.

आबा_पारोळा
लाकडी पट आपल्याकडच्या मे महिन्यात टिकवणं अवघड. 44-45 अंशांच्या कोरड्या हवेत जोड सुटतात, पाट वाकतो. गुंडाळायचा व्हिनाइलचा पट घ्या, घर 5 ते 6 सेंटिमीटर. राजा साडेनऊ सेंटिमीटर उंच. दुकानात एक तपासणी करा: एका घराच्या कडेला दोन प्यादी शेजारी शेजारी बसली पाहिजेत. नाही बसली तर त्या पटाला सोंगट्या मोठ्या आहेत. तळाला वजन आणि फेल्ट असलेल्या घ्या, पंख्याखाली हलक्या सोंगट्या हातानेच पडतात. पट गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा, म्हणजे उघडल्यावर कडा वर उचलत नाहीत. आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, एकदा लाटा आल्या की जात नाहीत.

बोरीकाठ_अमळनेर
व्हिनाइलचाच घेतो आबा. पांझराभाऊ, टिपणांचं लगेच सुरू करतो. रविवारी लांब डावासाठी अमळनेर, पारोळा, धरणगाव भागातलं कुणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. 60+30 खेळू, घड्याळ माझ्याकडे आहे.

वाघूर_जामनेर
जामनेरहून येतो. दोन्ही रंगांनी एक-एक डाव, चाली लिहून.